खोलीतून बाहेर जायचं नाही

५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या कानांचं आणि फोनचं आता कायमचं वाजलंय, तेव्हा पत्रच बरं. परवा मी 'बदली झाली, बदली' असं तीनदा ओरडून सांगितलं, तर तू म्हणालीस, "बादली गळतेय? मग नवी घे की!" माझ्या खोलीतली मैत्रीण अजून हसतेय.

तर बादली ठीक आहे, बदली झाली. वॉर्डातून सोनोग्राफी विभागात. छोटी, अंधारी खोली, एक पलंग, त्याभोवती कड्यांवर सरकणारा पडदा, यंत्राचा निळसर उजेड. माझं काम सोपं. पेशंटला आत घ्यायचं, गाऊनच्या नाड्या बांधायच्या, रजिस्टरमध्ये नोंद करायची. जेलची बाटली मी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवते. गार जेल पोटावर पडलं की माणूस दचकतो. कालच एक आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं येतेय, आज पहिल्यांदा कोणाला सुचलं."

आणि मोठे डॉक्टर! मी तुझी भाची आहे हे कळल्यावर खुर्चीतून उठले गं. म्हणाले, "तुझ्या मावशीच्या हाताखाली मी शिकलो, डॉक्टर असून." मला फार उभंही ठेवत नाहीत. मध्येच म्हणतात, "जा, खालून हिची जुनी फाईल घेऊन ये." मग मी दोन जिने उतरून रेकॉर्डमध्ये जाते. तिथे एक म्हातारेबुवा बसतात. सगळे त्यांना रेकॉर्डवाले म्हणतात, आणि ते कायम कुरकुरतात. "पहिल्यांदा आलेल्या पोरीची जुनी फाईल कुठून काढू? माझ्या पोटातून?" तरी चिठ्ठी लिहून घेतात, वेळेचा शिक्का मारतात, 'फाईल नाही' असं लिहून चिठ्ठी डब्यात टाकतात.

तू नसतीस तर मी नर्स झालेच नसते. हे सांगायलाच खरं तर पत्र.

तुझी,
खारूताई


१२ फेब्रुवारी

चि. खारूताई,

पत्र उन्हात बसून दोनदा वाचलं. मोठे डॉक्टर माझी आठवण काढतात हे वाचून ऊर भरून आला. बाळा, त्या माणसाचे आपल्या घरावर उपकार आहेत. तुझ्या काकांची पोटदुखी सगळ्यांनी पित्तावर ढकलली होती. डॉक्टरांनी एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतः यंत्र लावून पाहिलं आणि गाठ वेळेत सापडली. काका त्यानंतर अकरा वर्षं जगले. तुला सायकल शिकवली ती त्याच अकरा वर्षांत.

म्हणून सांगते, त्यांच्या हाताखाली मन लावून काम कर. रागावले तर ऐकून घे. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

गुडघा बरा आहे. कानाचं काय सांगू, शेजारीण मला शिव्या देत असली तरी मी हसून मान हलवते आणि ती मला सज्जन समजते.

तुझी मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

एक गोष्ट सांगायची आहे आणि कशी सांगू ते कळत नाहीये.

मंगळवारी एक मुलगी आली, बावीस-तेवीसची. शिवणाच्या कारखान्यात मशीनवर बसते. नाव लिहीत नाही, ते तिचं आहे. पोट दुखत होतं, एकटीच आली होती. डॉक्टरांनी मला फाईल आणायला पाठवलं. फाईल नव्हतीच. मी परत आले तर ती बाहेरच्या बाकाजवळ उभी होती. चपला पायात नव्हत्या, हातात होत्या. मला म्हणाली, "ताई, पोटाच्या तपासणीत असं असतंच का?"

मी विचारलं, "असं म्हणजे?"

तिनं दाराकडे पाहिलं. पुढचा पेशंट घाई करत होता, आतून बेल वाजली, आणि मावशी, मी म्हणाले, "हो हो, डॉक्टरांना माहीत असतं काय करायचं ते."

ती म्हणाली, "बरं." आणि तशीच अनवाणी जिन्याकडे गेली. रिपोर्टही न घेता.

त्यानंतर मी रजिस्टर उघडलं. फाईल आणायला गेले की मी त्या नावापुढे छोटी खूण करते. महिन्याभरात मला एकोणीस वेळा खाली पाठवलंय. एकोणीसही वेळा आत बाई होती, तरुण, एकटी आलेली. जिचा नवरा किंवा आई बाहेर बसलेली असते, तिची जुनी फाईल डॉक्टरांना कधीच लागत नाही. आजी आल्या की मी खोलीतच असते.

मला जे वाटतंय ते वाटू नये असं वाटतंय. तू इतकी वर्षं मेट्रन होतीस. तू सांग.

खारूताई


९ मार्च

चि. खारूताई,

पत्र मिळालं. वाचून हातपाय गार पडले, पण तुला वाटतं त्या कारणानं नाही. अगं, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नये. तरुण मुली लाजतात, अंधाऱ्या खोलीत घाबरतात, साध्या स्पर्शालाही दचकतात. डॉक्टर साठीला आलेत, त्यांना लेकीसुना आहेत. एवढ्या वर्षांची पुण्याई एका प्रश्नानं धुऊन टाकायची?

कोणाशी बोलू नकोस. तुला तिथे जड जात असेल तर बदली माग. मी शब्द टाकीन.

मावशी


३० मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून मी इतकी रागावले की उत्तर लिहायला तीन आठवडे लागले. बदलीचा अर्ज मी लिहिलाही होता. मग विचार केला, मी सुटेन, माझ्या जागी दुसरी येईल, तिलाही खाली पाठवतील. अर्ज फाडला.

दुसऱ्या दिवशी एक बाई एकट्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "फाईल आण."

"यांचं झालं की आणते."

"मला आत्ता हवी आहे."

"शिपायाला पाठवते, डॉक्टर. बाई एकट्या आहेत, मी थांबते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. तपासणी चार मिनिटांत संपली. एरवी एकट्या बाईला वीस लागतात. बाई गेल्यावर मला म्हणाले, "हे तुला मावशीनं शिकवलं का?"

मी म्हणाले, "हो."

खोटं नव्हतं ते. मी शाळेत होते तेव्हा तूच सांगायचीस, बाईमाणसाची तपासणी चालू असताना नर्सनं खोलीतून बाहेर जायचं नाही, वर छप्पर पडलं तरी. आठवतं?

त्यानंतर रोज हेच. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत. मी थांबते.

आणि गेल्या गुरुवारी ती शिवणवाली रिपोर्ट न्यायला आली. रिसेप्शनवरच उभी राहिली, आमच्या दाराकडे पाठ करून. मी तिला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं. दोघी गठ्ठ्यांवर बसलो. मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं. त्याची माफी मागते. पोटाच्या तपासणीत काय असतं ते आता नीट सांगते." जेल कुठे लावतात, यंत्र कुठून कुठे फिरतं, कपडे किती सरकवावे लागतात, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "याच्यापलीकडे जे झालं असेल ते तपासणीत नसतं. मला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि सांगितलंत तर मी विश्वास ठेवीन."

ती चादरीच्या कडेची शिवण बोटानं तपासत बसली. मग बोलली. तिनं जे सांगितलं त्याचा पोटाच्या दुखण्याशी काही संबंध नव्हता, मावशी. एवढंच लिहिते. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

शेवटी म्हणाली, "कोणाला सांगणार नाही ना?" 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मी म्हणाले, "गप्प बसायचं वचन मला देता येणार नाही. इथे रोज बायका येतात. पण तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचं नाव पुढे जाणार नाही, आणि काहीही करण्याआधी तुम्हाला सांगीन." ती रडली. मग म्हणाली, "माझ्यानंतर अजून किती आल्या?"

आता मी कोणाकडे जाऊ, कसं जाऊ, ते मला सांग. नाही सांगितलंस तरी जाणार आहे. पण सांगितलंस तर बरं होईल.

खारूताई


४ एप्रिल

माझ्या खारूताई,

तू त्या माणसाला 'हो' म्हणालीस, तिथे मी पत्र खाली ठेवलं. दोन दिवस पुढचं वाचवेना.

छपराचं वाक्य माझंच. आणि ते मोडलंही मीच. ऐक.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिकाऊ नर्स होती. काम करताना सारखी गुणगुणायची, म्हणून आम्ही तिला गुणगुणी म्हणायचो. एक दिवस ऑफिसात आली, दार लोटलं आणि म्हणाली, "बाई, मला त्या डॉक्टरांच्या खोलीत ड्यूटी नको."

"का?"

"मला बाहेर पाठवतात. आणि मी परत येते तेव्हा बायका रडत असतात."

मी काय म्हणाले असेन? "अगं, दवाखान्यात लोक रडतातच." आणि तिची ड्यूटी बदलून दिली. वर स्वतःला शाबासकीही दिली, पोरीची अडचण सोडवली म्हणून. तिचं गुणगुणणं त्याच आठवड्यात थांबलं होतं, ते माझ्या लक्षात आलं होतं. तीन महिन्यांनी ती शिक्षण सोडून गेली. कारण मी विचारलं नाही. कळून न कळल्यासारखं करणं म्हणतात ना, ते हेच.

मग काकांचं दुखणं आलं आणि त्या माणसानं त्यांना वाचवलं. त्यानंतर तर माझ्या डोळ्यांवर उपकाराची पट्टीच बसली. काकांना वाचवलं ते खरं. हेही खरं. एकच माणूस दोन्ही करू शकतो हे समजायला मला सत्तरी ओलांडावी लागली. बघ, इतका वेळ लिहितेय आणि 'ते डॉक्टर' असं लिहायला हात वळत नाही.

आता मेट्रन म्हणून सांगते. आजच बसून लिही. दिवस, वेळ, तू काय पाहिलंस. मुलीनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, आपल्या भाषेत सजवू नकोस. तुला जे 'वाटतं' ते वेगळ्या कागदावर. तिला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस, दर वेळी खपली निघते. त्याला जाब विचारायच्या भानगडीत पडू नकोस, तो सावध होईल आणि कागद हलतील. मेट्रनकडे जा, पण तोंडी नाही, लेखी. एक प्रत तक्रार समितीला, एक हॉस्पिटलच्या प्रमुखांना, एकाच दिवशी, आणि तिन्हीकडून पोच घे. तोंडी सांगितलेलं माझ्यासारख्या बायका ड्यूटी बदलून मिटवतात. मुलीला बाई डॉक्टर मिळवून दे. पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा, नसेल तर ओढू नकोस. आणि निकाल लागेपर्यंत त्या खोलीत एकही बाई एकटी राहता कामा नये.

सोबत माझी दोन पानं आहेत. गुणगुणीचं काय झालं आणि मी काय केलं नाही, ते सही करून लिहिलंय. तिचं नाव घातलेलं नाही. माझं घातलंय, पूर्ण. हीही जोड.

मागच्या पत्रात मी तुला गप्प बसायला सांगितलं. तू ऐकलं नाहीस. बरं झालं बाई माझी भाची हट्टी निघाली.

तुझी मावशी


१९ जून

प्रिय मावशी,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. रोज सुरुवात करायचे आणि रोज काहीतरी व्हायचं.

तू म्हणालीस तसंच केलं. मुलीला आधी वाचून दाखवलं, तिनं दोन शब्द बदलले, 'द्या' म्हणाली, तेव्हाच दिलं. मेट्रननं उभ्यानंच वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खुर्चीत बसल्या. त्याच दुपारी डॉक्टरांना सक्तीच्या रजेवर पाठवलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र विचारू नकोस. जेवणाच्या टेबलावर मी बसले की बाकीच्यांना कामं आठवायची. रिसेप्शनवरच्या ताईंनी तोंडावर सांगितलं, "देवमाणसावर चिखल उडवलास." त्यांच्या आईचा आजार डॉक्टरांनीच शोधला होता. मला तुझी आठवण आली आणि त्यांचा राग नाही आला.

डॉक्टरांनी समितीला लिहून दिलं की नर्स कायम खोलीत हजर असायची. माझ्या रजिस्टरवरच्या खुणा काय, मी मागाहूनही करू शकले असते. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही बाहेर होतात याला पुरावा?" तेव्हा मला एकदम रेकॉर्डवाले आठवले.

ते आले ते दोन पत्र्याचे डबे घेऊन. गेल्या सहा वर्षांच्या चिठ्ठ्या. कोणती नर्स आली, किती वाजता, फाईल सापडली का. माझ्याच नाहीत, माझ्या आधीच्या तिघींच्याही. 'फाईल नाही' असं लिहिलेल्या दोनशेच्या वर. अध्यक्षबाई एकेक चिठ्ठी आणि तपासणीची वेळ जुळवत गेल्या. रेकॉर्डवाले म्हणाले, "मला वाटायचं डॉक्टर विसराळू आहेत. मी नुसता चिडलो. विचारायला हवं होतं." बाहेर आल्यावर मी त्यांचे आभार मानले, तर म्हणाले, "माझे कसले? जिने तू चढत होतीस."

मग तुझी पानं वाचली गेली. अध्यक्षबाईंनी विचारलं, या बाई समोर येऊन सांगतील का? मी म्हटलं, येतील, फक्त प्रश्न मोठ्यानं विचारावे लागतील. माझ्या आधीच्या तिघींनाही बोलावलं होतं. तुझी पानं ऐकून त्यांतली एक उठली आणि म्हणाली, मलाही बोलायचंय.

आतापर्यंत सात बायकांनी जबाब दिले आहेत. शिवणवालीनं पोलिसांत तक्रार केली, तिची मोठी बहीण आणि मी सोबत होतो. डॉक्टरांचा परवाना निकालापर्यंत थांबवलाय. खटला उभा राहील, वेळ लागेल, त्यांचा वकील आम्हाला सोलून काढेल, हे सगळं तिला माहीत आहे. तरी उभी आहे. सल्लागार बाईंकडे दर शनिवारी जाते. मशीनवरही परत बसते.

तिच्या पोटाची तपासणी परवा परत झाली, नव्या डॉक्टरबाईंकडे. त्या हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सांगतात, 'आता इथे लावते, चालेल ना?' मी शेजारी होते. साधा खडा निघाला, औषधानं जाईल. जाताना ती मला म्हणाली, "ताई, तुमचे आभार मानायचे राहिले."

मी म्हटलं, "माझे नको गं. पहिल्या दिवशी मीच तुला परत पाठवलं होतं."

"त्याबद्दल नाहीच," ती म्हणाली. "सगळ्यांनी मला विचारलं, तू ओरडली का नाहीस. घरच्यांनीसुद्धा. तुम्ही नाही विचारलंत. त्याबद्दल."

मी तिला खाली फाटकापर्यंत सोडून आले, मावशी. आणि हे तुला लिहितेय.

काल जेवताना रिसेप्शनवरच्या ताई माझ्या टेबलावर येऊन बसल्या.

तुझी,
खारूताई


८ जुलै

चि. खारूताई,

त्या मुलीला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नाही, नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर मी एक काम केलं, जे अठ्ठावीस वर्षं राहिलं होतं. जुन्या नर्सना पत्रं टाकून गुणगुणीचा पत्ता काढला. चौथ्या पत्राला मिळाला. चार तासांच्या अंतरावर राहते, झाडांच्या रोपांचा व्यवसाय आहे. तिला लिहिलं. काकांचं दुखणं, त्याचे उपकार, माझी नोकरी, यातलं काही सांगितलं नाही. ती कारणं माझ्याजवळच राहू देत. एवढंच लिहिलं की, तू खरं सांगत होतीस, मला ते कळलं होतं, आणि मी तुझं ऐकलं नाही. तुझं काय काय गेलं ते मला माहीत नाही. माझ्या भाचीमुळे आता त्याच्यावर खटला उभा राहतोय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

उत्तर येणार नाही असंच धरून चालले होते. काल आलं. तुला जसंच्या तसं उतरवून पाठवते, भाचीला दाखवा असं तिनंच शेवटी लिहिलंय:

"बाई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि एकदा चुरगाळलं. मग सरळ केलं. नर्स व्हायची राहिले, नर्सरी काढली, लोक हसतात पण नाव तेच ठेवलंय. तेव्हा तुम्ही नुसतं 'बस, सांग' म्हणाला असतात तर बरं झालं असतं. आता म्हणालात. उशीर झाला, पण इतकी वर्षं मला वाटायचं की मीच उगाच काहीतरी पाहिलं. ते ओझं काल उतरलं. कोर्टात बोलावलं तर मी येईन. तुम्हीही इकडे या, रोपं दाखवते. पण रडणार असाल तर येऊ नका, माझं रडून झालंय."

बाळा, काकांची अकरा वर्षं ज्यानं दिली त्याचे उपकार मी आयुष्यभर बोलून दाखवले. तू मला काय दिलंस ते बोलायला शब्द शोधतेय. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळांनी 'बाई, तुम्ही होतात म्हणून' असं म्हटलं असेल. आज मी तुला म्हणते. तू होतीस म्हणून, खारूताई.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं गुणगुणीकडे निघतेय. दोन दिवस आरशासमोर बसून न रडण्याचा सराव करतेय. अजून जमलेलं नाही, पण प्रवास चार तासांचा आहे.

तुझी मावशी